दाभणाचं टोक

त्या वर्षी तानूला काहीही विचारा, उत्तर जिभेवर तयार! भाजीवालीनं 'पोरी, किती वाजलं असेल गं?' म्हटलं की तानू सावली बघून वेळ सांगायची, आणि वेळ चुकली तरी तिचा आवाज चुकायचा नाही. याला कारण होते दिपोटीसाहेब. फाल्गुनात ते धरणगावच्या मुलींच्या शाळेची तपासणी करायला आले. बाईंनी आठवडाभर आधीच भिंतींना चुना दिला होता, मोडका फळा कोठीत दडवला होता आणि नेहमीचे प्रश्न सगळ्या वर्गाकडून घोकून घेतले होते. साहेबांनी नेमका भलताच प्रश्न विचारला. "पाऊण शेरात तोळे किती?" सगळा वर्ग पायाचे अंगठे बघत बसला. तेव्हा मागच्या ओळीतून सहावीतली तानू उठली आणि खणखणीत म्हणाली, "साठ!" साहेबांनी तिचं नाव विचारलं. बस्स. आधी भिंतीला चिकटून चालणारी तानू त्या दिवसापासून रस्त्याच्या मधून चालायला लागली.

तिचे वडील झुलाल, म्हणजे तिचे आबा, कापसाच्या जिनात गोण्या शिवायचे. त्यांच्या टोपीच्या काठात कायम एक दाभण खोचलेलं असे, बोटभर लांब, टोकदार, जाड नाक्याचं. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. बारा वर्षं गोण्या शिवून जे काय साठलं होतं, ते सगळं घालून त्यांना एकदाच, एकच घर घ्यायचं होतं. ते चुकलं तर दुसरं घेण्याइतकं आयुष्य आपल्याकडे नाही, हे ते हसत हसत सांगायचे, पण सांगताना हात कानाला लावायचे.

घर सापडलं ते धनसिंग नानांचं. नाना बायको-मुलीसह धुळ्याला थोरल्या मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. घर जुनं, साठ-सत्तर वर्षांचं, धाब्याचं. म्हणजे वर कौलं नाहीत. जाड लाकडी तुळया, त्यांवर बारीक लाकडांच्या कड्या, आणि कड्यांवर हातभर मातीचा थर. दारातच कडुनिंब. तानूची माय भिकुबाई त्या घराच्या उंबऱ्यावर नुसतं पाऊल टाकून आली आणि दोन दिवस कमी बोलली. तिला काही फार आवडलं की ती कमी बोलायची.

आबांनी आपले जुने स्नेही इसाक मिस्त्री यांना घर दाखवायला नेलं. इसाक चाचा म्हणजे हाडाचे सुतार. एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता उतरलेला, दुसऱ्यात उतरायला लागलेला. पण ते म्हणायचे, लाकूड बघायला डोळे लागतच नाहीत. दारात पोचल्यावर त्यांनी आधी घर चक्क हुंगलं. मग बाहेरच्या खांबांवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला, पुढं सरकले. विचारलं काय, तर भलतंच. मोरी कुठं आहे? धाब्यावर नवी माती घालून किती वर्षं झाली? शेजाऱ्याचं सांडपाणी कुठून जातं? धनसिंग नानांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं. मोरी माजघराच्या पश्चिम भिंतीला लागून होती. तेवढं ऐकल्यावर चाचांचं तोंड जरा आंबट झालं.

"माजघरातली तुळई बघू द्या."

आणि नेमकं तिथंच अडलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. माजघरात गौराई बसलेली, तिच्यापुढं लेकीबाळींचा मेळा भरलेला. भिंती नव्यानं पोतारलेल्या, त्यावर चुन्याची नक्षी. अशा घरात परका पुरुष शिरून भिंत उकरणार कसा? आबांनाच संकोच वाटला. "राहू द्या, इसाकभाऊ," ते म्हणाले आणि दोघं परत फिरले.

परत आल्यावर मात्र चाचांना चैन पडेना. तानू चहाचा कप घेऊन आली तशी त्यांनी तिला समोर बसवलं.

"तू जाशील ना बेटी तिथं झोका खेळायला?"

"जाणारच! सुगंधानं बोलावलंय मला." सुगंधा ही धनसिंग नानांची मुलगी, तानूच्याच शाळेत, सातवीत. तिनं बोलावलं याचा तानूला इतका आनंद झाला होता की तिचं ते गल्लीत तीन ठिकाणी सांगून झालं होतं.

"मग ऐक. झोका ज्या तुळईला बांधलाय, तिचं पश्चिमेचं टोक मोरीच्या ओल्या भिंतीत गेलंय. मधल्या लाकडाला वाळवी लागत नाही. उधईले बी लाज शे बेटी, ती उघडावर जेवत नही, भिंतमा तोंड घालीसन जेवस. तिथं, भिंतीला लागून, खालच्या अंगानं दाभण टोच. नखभर गेलं तर गप्प बस. बोटभर गेलं तर येऊन सांग."

आबांनी टोपीतलं दाभण काढून तिच्या हातात दिलं. "जमी का वं?"

"त्यात काय!" तानू म्हणाली. ज्या मुलीनं दिपोटीसाहेबांना उत्तर दिलं, तिला वाळवीचं कसलं आलंय भय?

आखाजीच्या दिवशी परकराच्या निऱ्यांत दाभण खोचून ती गेली. काय घर होतं ते त्या दिवशी! घागरीवर डांगराचं फळ ठेवलेलं, सांजोऱ्यांचा वास दारापर्यंत, आणि माजघरात उंच झोका, एका वेळी चार-चार मुली उभ्या. तानू झोक्यावर चढली, आणि पहिल्याच हेलकाव्याला तिला वाटलं, हे घर आपलं होणार! पुढच्या आखाजीला या झोक्यावर आपण मुलींना बोलावणार! हेलकावा पश्चिमेकडे गेला की भिंतीतलं ते टोक तिच्या कपाळाजवळ यायचं. हात लांबवला की पुरेल इतकं जवळ.

झोका थांबला तेव्हा तिनं हात निऱ्यांकडे नेला. तेवढ्यात सुगंधा म्हणाली, "काय गं तानू, तुझे वडील म्हणे आमच्या घराला मिस्त्री घेऊन आले होते? खांबाला कान लावून बसला होता म्हणे तो. घर काय बैल आहे, दात मोजून घ्यायला?"

मुली खो खो हसल्या. सुगंधा तशी वाईट नव्हती, तिला बोलायची सवय होती एवढंच. तानूला वाटलं आपले कान पेटलेत. आणि मग तिच्या नव्या, धीट, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "अगं आमचे आबा असेच! अडाणी आहेत अगदी."

सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

मग दाभण कसं काढणार? निऱ्यांतून ते मांडीला टोचत होतं, आणि ती पुन्हा झोक्यावर चढली. या खेपेला पाच जणी होत्या. झोका जोरात गेला तेव्हा पश्चिमेच्या कोपऱ्यातून चिमूटभर माती सुगंधाच्या खांद्यावर पडली. तानूनं ती पडताना पाहिली. सुगंधानं ती झटकली, आणि झोका पुन्हा वर गेला.

घरी आबा आणि इसाक चाचा ओट्यावर वाटच बघत होते. वाटेत नाल्यावरच्या दगडापाशी तानू थांबली होती. खरं सांगायचं तर अडाणी म्हटल्याचंही सांगावं लागलं असतं, आणि कदाचित घरही गेलं असतं. मग ते मायचं कमी बोलणं, तो झोका, सगळंच गेलं असतं. तिनं दाभणाचं टोक दगडावर चार वेळा घासलं. इतकं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं.

"घुसनं का वं?" आबांनी विचारलं.

"छे! नखभरसुद्धा नाही. इतकं टणक आहे लाकूड, टोकच बोथट झालं, हे बघा!"

इसाक चाचांनी दाभण हातात घेतलं. टोकावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यानं ते तानूकडे बघत राहिले आणि तानू त्यांच्या दाढीकडे. मग त्यांनी दाभण आबांना परत दिलं. "ठीक," एवढंच म्हणाले.

वैशाखातच एरंडोलला जाऊन खरेदीखत झालं. आबा जो भेटेल त्याला सांगत सुटले. जिनात, चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे. "मनी अंडेरनी, मनी तानूनी, सोता दखेल शे घर. दाभण टोचीसन!" लोक तानूकडे कौतुकानं बघायचे. सुपडू हमाल तर म्हणाला, "आता आमच्या घरालाबी एकदा टोचून जाय वं दिपोटीण!" आबा हसले. ते बोथट दाभण त्यांनी घासून धारदार केलं नाही, तसंच टोपीत ठेवलं, लेकीच्या हुशारीची खूण म्हणून. बोथट टोकानं गोणी शिवताना त्यांना दुप्पट जोर लावावा लागे. ते तानूनं एकदा डबा द्यायला गेल्यावर पाहिलं. ती डबा ठेवून पळतच घरी आली.

नव्या घरात भिकुबाईनं जातं मांडलं ते माजघरात, पश्चिमेच्या भिंतीशी, बरोबर त्या टोकाच्या खाली. तिथं वारा यायचा. पाचव्या दिवशी सकाळी तानूला भिंतीवर मातीची एक बारीक रेघ दिसली, तुळईपासून खाली उतरलेली, शिवणीच्या टाक्यासारखी. वाळवीची वाट. तिनं शेणाचा हात मारून ती पुसली. दुसऱ्या दिवशी दोन रेघा होत्या. मग ती रोज सगळ्यांच्या आधी उठून तेवढी भिंत पोतारायला लागली.

"काय वं माय, येवढी लवकर उठनी?" भिकुबाई कौतुकानं म्हणाली. आणि शेजारणीला सांगितलं, "पोरीला घराचा भारी जिव्हाळा!"

तानू मान खाली घालून पोतारत राहिली. हे आपण काय करतोय, हे तिला ठाऊक होतं. शाळेत बाईंनी मोडका फळा दडवला तो कोठीत. तिनं तर तुळई दडवली होती, मायच्या डोक्यावर. बोलायचं तिनं रोज ठरवलं. रोज आबा टोपी घालून निघायचे, टोपीत ते दाभण दिसायचं, आणि जी जीभ साहेबांपुढं चालली होती ती टाळूला चिकटून बसायची. रस्त्याच्या मधून चालणं तर केव्हाच सुटलं होतं.

ज्येष्ठ सरत आला तसं आबांनी धाब्यावर माती घालायचं काढलं. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर खारी माती पसरून चोपायची, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. या धाब्यावर सहा वर्षांत माती पडली नव्हती, म्हणून तीन गाड्या आणल्या होत्या. आळीतले लोक मदतीला आले. सुपडू आणि लोटन वर चढले, आबा धाब्याच्या कडेला उभे राहिले, खाली गाडीपासून शिडीपर्यंत माणसांची रांग लागली. टोपली हातोहात वर जायची. रांगेत शेवटी, शिडीच्या मधल्या पायरीवर, तानू. खालून टोपली घ्यायची, वर आबांच्या हातात द्यायची. इसाक चाचा ओट्यावर बसून हातानं माती चाळून बघत होते.

आतून जात्याची घरघर येत होती. इतक्या माणसांची भाकर करायची म्हणून भिकुबाई दळायला बसली होती.

पहिली टोपली. दुसरी. दहावी. प्रत्येक टोपली वर गेली की 'धप्' असा आवाज व्हायचा, आणि त्याच्या मागोमाग आतली घरघर ऐकू यायची. धप्, घरघर. धप्, घरघर. तानूला वाटायला लागलं, ती टोपली धाब्यावर पडतच नाहीये, ती सरळ मायच्या माथ्यावर पडतेय, आणि ती आपणच देतोय, आपल्या हातानं. मग एकदा धप् झालं आणि घरघर थांबली.

"काय वं हे!" आतून भिकुबाईचा आवाज आला. "पिठात माती पडनी!"

पुढची टोपली तानूच्या हातात होती. ती तिनं वर दिली नाही.

"दे वं टोपली!" आबा वरून म्हणाले. "काय उभी ऱ्हायनी?"

खाली रांग खोळंबली. सगळे वर बघायला लागले. तानूनं टोपली छातीशी धरली. शाळेतली शुद्ध बोली त्या वेळी कुठं पळाली कुणास ठाऊक. "आबा, माती नका टाका! मायले बाहेर काढा! मी खोटं बोलनी व्हती! दाभण मी टोचंच नही!"

वर सुपडूचं फावडं थांबलं. खाली कुणीतरी "काय म्हणते पोरगी?" म्हणालं. तानूनं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. आणि टोक दगडावर घासलं तेही सांगितलं, कारण ते न सांगता काही कळलंच नसतं. आळीतल्या प्रत्येक घरातून माणसं बाहेर येत होती आणि ती शिडीवर, सगळ्यांच्या वर, उभी होती.

आबांनी फक्त एवढंच विचारलं, "दगडवर?"

"हां."

इसाक चाचा तोवर आत गेले होते. त्यांनी भिकुबाईला हाताला धरून उठवलं, बाहेर आणून बसवलं, आणि सुतारकामाच्या वाकसानं तुळईच्या टोकाभोवतालची भिंत खरवडली. पोताऱ्याचे पापुद्रे निघाले, तानूनंच दिलेले, एकावर एक. मग त्यांनी खाली उतरून आलेल्या आबांकडे हात केला. आबांनी टोपीतलं दाभण दिलं. ते बोथट दाभण कुठलाही जोर न लावता नाक्यापर्यंत आत गेलं. बाहेर आला तो ओल्या कोंड्यासारखा भुसा, आणि त्यात वळवळणारी पांढरी वाळवी.

वरची माणसं एकेक करून, पाय न आपटता, खाली उतरली.

"काय झुलालभाऊ," गर्दीतून लोटननं उगाच म्हटलं, "तपासणी झकास झाली म्हणायची!"

आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. तानूकडेही बघितलं नाही. त्यांनी टोपी काढून झटकली, तिच्यात माती नव्हती तरी.

इसाक चाचा मात्र खाली बसले आणि तानूला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "लाकडावर दाभण बोथटत नाही, बेटी. सागावरसुद्धा नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं. पण झुलाल तुझ्याकडं असा बघत होता, की पोरीला खोटी कसं म्हणावं? मला वाटलं, भिंतीतला खडा लागला असेल. वाटून घेतलं मी तसं. म्हातारा झालो, आणि तोंड नाही उघडलं." त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. तानूला चपराक बसली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या खोट्यानं एका चांगल्या माणसालाही मान खाली घालायला लावली होती.

आठ दिवस चाचा राबले. तुळईचं कुजकं टोक कापलं आणि खाली नवा खांब उभा केला, माजघराच्या अगदी वाटेत. मग बाकीच्या घराची पाळी आली. "जे तेव्हा करायचं होतं, ते आता करा," चाचा म्हणाले. तानू शिडीवर चढून एकेका तुळईला, एकेका कडीला दाभण टोचायची आणि ओरडून सांगायची. "नखभर!" "नखभर!" "अर्धं बोट!" तिचं आटोपलं की त्याच शिडीवर आबा चढायचे आणि त्याच भोकाशेजारी स्वतः टोचून बघायचे. सतरा ठिकाणी त्यांनी असं केलं. सतराही वेळा तानूनं खालून शिडी धरली.

पुढच्या आखाजीला सुगंधा धुळ्याहून मामाकडे आली आणि झोका खेळायला म्हणून मुद्दाम जुन्या घरी आली. झोका आता बाहेर कडुनिंबाला होता. ती माजघरात शिरली आणि खांबाला आपटता आपटता राहिली.

"अगंबाई! हा खांब कुठून आला इथं?"

आल्यागेल्यानं हाच प्रश्न विचारायचा आणि भिकुबाईनं 'मजबुतीसाठी' म्हणून वेळ मारून न्यायची, असं वर्षभर चाललं होतं. तिनं आताही तोंड उघडलं. पण तानू आधी बोलली. दाभणाचं, दगडाचं, वाळवीचं सांगितलं.

सुगंधा बघतच राहिली. "अगं वेडे, विचारायचं तरी! नानांना काय ठाऊक भिंतीत काय चाललंय? तू म्हणाली असतीस तर त्यांनीच शिडी धरली असती."

"विचारणार कशी?" तानू म्हणाली. आबा उंबऱ्यात बसून गोणी शिवत होते, हे तिला दिसत होतं. गेल्या वर्षी शिडीवरून तिनं सगळं सांगितलं होतं, एवढं एक सोडून. "तू आबांवर हसलीस, आणि मी म्हणाले, आमचे आबा अडाणी आहेत. तुझ्याहून मोठ्यानं हसले मी."

सुगंधा गोरीमोरी झाली. उंबऱ्यातलं दाभण गोणीत अर्ध्यावर थांबलं.

आबा म्हणाले, "अडाणी तर शेच मी. डोया मिटीसन दाभण तुना हातमा दिधं." आणि त्यांनी टाका पुरा ओढून घेतला.

तानूला वर बघवेना. ती खांबाला टेकून उभी राहिली, आणि आबांनी दोरा संपला म्हणून हात पुढं केला तेव्हा, तिच्याकडे न बघता का होईना पण तिच्याच दिशेनं केला तेव्हा, तिनं सुतळीचा गुंडा उचलून त्यांच्या हातात दिला.